रविवारची रेंज

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. दादाला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही. वाचाल, तोंड वाकडं कराल आणि विसरून जाल. मला तेवढं पुरे. मित्राला सांगतोय असं समजायचं असेल तर समजा — पण मित्राला सांगताना माणूस थोडं मऊ करून सांगतो, आणि मला ते करायचं नाही.

आधी माझं काम काय ते सांगतो. नाहीतर पुढचं कळायचं नाही, आणि न कळताच तुम्ही मान डोलवाल.

मी रेंज खराब करतो. पगार त्याचाच मिळतो. नवी मुंबईत एका कंपनीत मी मोबाईलची ॲपं तपासतो. ॲप बनवणारी मंडळी एसीत बसतात, तिथं इंटरनेट धो धो असतं, आणि तिथं सगळंच चालतं. पण तेच ॲप डोंगराच्या पोटात, एका दांडीच्या रेंजवर चालेल का — हे कसं कळणार? दर वेळी डोंगरात कोण जाणार? म्हणून एकदाच जायचं आणि तिथल्या रेंजचं रेकॉर्डिंग करून आणायचं. माहिती किती वेगानं जाते, किती उशिरा पोचते, वाटेत किती गळते, मधेच सगळं बंद किती वेळ पडतं. ऑफिसात फोन आणि इंटरनेट यांच्या मधे एक यंत्र बसवलेलं असतं, त्याला हे रेकॉर्डिंग द्यायचं. मग टेबलावरचा चांगला फोन डोंगरातल्या फोनसारखा रखडायला लागतो. चांगल्या डांबरी रस्त्यावर मुद्दाम खड्डे पाडायचे आणि गाडी चालवून बघायची, असं हे काम. खड्डे खरे पाहिजेत, एवढीच अट.

आणि खड्डे खरे आहेत की नाहीत, हे बघायला कोणी येत नाही. ऑफिसातल्या किती जणांना माहीत असतं की कळंबला रेंज कशी असते? मी म्हणेन ती रेंज.

आमचं गाव कर्जत तालुक्यात, कळंबच्या अलीकडे. भाताची शेती आहे, अजून विकलेली नाही, हे आजकाल वेगळं सांगावं लागतं. दादा खोपोलीच्या शिळफाट्याला टेंपो चालवतो. मी घरूनच ये-जा करतो. कळंबच्या आसपास रिसॉर्ट किती झालीत ते तुम्हाला माहीत असेल — तुम्हीच तर येता. अशा तीन-चार रिसॉर्टच्या एका मालकानं आमच्या कंपनीकडून कामगारांच्या हजेरीचं ॲप बनवून घेतलं. कामाच्या जागेवर पोचलं की आपल्याच फोनवर आपला फोटो काढायचा. फोटो मुंबईच्या ऑफिसात पोचला की हजेरी लागली. पोचेल ती वेळ, ती कामावर येण्याची वेळ.

पोचेल ती. काढली ती नाही. हे लक्षात ठेवा.

माझ्यावरचा माणूस मंदार, ठाण्याचा. तो म्हणाला, तू तिकडचाच ना, घरी जाता जाता रेकॉर्डिंग करून आण. रिकाम्या दिवसाचं एक आण आणि गर्दीच्या दिवसाचं एक. एवढं त्याला कळत होतं, हे मान्य करतो. दोष त्याच्या गळ्यात मारायची सोय नाही, नाहीतर मारला असता.

आमच्याकडे एक रीत आहे. कोणी ठरवलेली नाही, आपसूक पडलेली. शनिवारी दुपारनंतर कोणी कामाचा फोन करत नाही. सोयरिकीचं बोलणं असो, भात झोडायला माणसं सांगायची असोत, दवाखान्यात कोण कसं आहे ते विचारायचं असो — शुक्रवारी बोलून घ्यायचं, नाहीतर सोमवारी. का? तर तुम्ही आलेले असता. एक टॉवर. एरवी तो आमच्यापुरता असतो. शनिवार-रविवारी तुमच्या गाड्या येतात, गाडीत पाच माणसं, पाच फोन, आणि प्रत्येकाला आपण पोहताना, खाताना, झोपाळ्यावर बसताना जगाला दाखवायचं असतं. तुमचा व्हिडिओ जात नाही म्हणून तुम्ही टॉवरला शिव्या घालता. तेव्हा आमच्या बायका तुमच्या चादरी बदलत असतात. त्यांचे फोन कोणाच्या खिजगणतीत?

मी मंगळवारी रेकॉर्डिंग केलं. मग रविवारी केलं, एका रिसॉर्टच्या मागच्या कुंपणाला गाडी लावून. ऑफिसात दोन्ही यंत्राला दिली. मंगळवारचं नीट चाललं. रविवारचं लावलं आणि ॲप आडवं झालं. फोटो काढला की नुसतं चक्र फिरत बसायचं, फोटो जायचाच नाही. आता हे सांगायचं म्हणजे काय, माहीत आहे? बनवणारे पुन्हा बसणार, तारीख पुढे जाणार, मालक ओरडणार, मंदारचं तोंड उतरणार, आणि सगळे माझ्याकडे बघणार. मी काय केलं — रविवारचं रेकॉर्डिंग पुसलं. मंगळवारच्याच रेकॉर्डिंगची नक्कल काढली, थोडी इकडंतिकडं हलवली आणि तिला 'कळंब, रविवार' असं नाव दिलं. ॲप पास झालं. मंदारनं पाठ थोपटली.

हाच तो गुन्हा, असं वाटलं ना तुम्हाला? नाही. एवढ्यासाठी मी तुम्हाला बसवलं नसतं. असले रविवार आमच्या धंद्यात पुष्कळ जण बनवतात, आणि सुखानं झोपतात. मीही झोपलो.

आता वहिनी.

सुनंदा वहिनी म्हणजे दादाची बायको. माहेर खालापूर तालुक्यातलं, चौकच्या बाजूचं. ती त्याच मालकाच्या कळंबच्या रिसॉर्टवर खोल्यांच्या कामाला होती. रिसॉर्ट उघडलं तेव्हापासूनची. पुढे तिला खोल्यांवरच्या बायकांची मुकादम केलं, किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला आला. घरी आली तरी चालताना ती तिथं हात लावायची, किल्ल्या नसल्या तरी. हंगाम संपला की तिला कायम करणार होते. आमच्या घरात पगारी कायम नोकरी फक्त माझी. दुसरी तिची झाली असती. तिला ते किती पाहिजे होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

मंगळवारला रविवार करताना वहिनी तिथं कामाला आहे हे मला आठवलं होतं का? — आठवलं होतं. इथं मी थोडा वेळ थांबलो होतो, लिहू की नको म्हणून. आठवलं होतं. तिचं नुकसान व्हावं म्हणून मी ते केलं, असं मात्र नाही. तेव्हा तिचं काय होईल याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं, एवढंच. आणि देणंघेणं का नव्हतं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी माझं लग्न जमत होतं. मुलगी खालापूरच्या बाजूची. आमच्याकडे मुलाची चौकशी मध्यस्थाकडे करतात ती नावापुरती. खरी चौकशी बायका करतात — आपल्या बाजूची जी मुलगी त्या घरात सून म्हणून गेलेली असेल तिच्याकडे. मुलीच्या मावशीनं वहिनीला एका हळदीत गाठलं आणि विचारलं. वहिनीनं सांगितलं की मुलगा कामाला चांगला आहे, दारू पीत नाही, पण राग वाईट आहे आणि रागात हात उचलतो. आठवड्याभरात निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीसुद्धा नव्हती.

मध्यस्थानं मला खरं कारण सांगितलं तेव्हा मी घरी येऊन वहिनीसमोर उभा राहिलो. ती तांदूळ निवडत होती. तिनं नाकारलं नाही, रडलीही नाही.

"इचारलं त्यांनी," ती म्हणाली. "मी खोटं सांगू का भावजी? उद्या ती पोरगी माज्याच पुढ्यात बसून रडंल."

आणि हे खोटं होतं का? आईच्या भुवईवर एक वण आहे. मी फेकलेल्या पितळी तांब्याचा. आईनं टेबलावरची ऑफिसची कागदं आवरून ठेवली होती आणि मला पाहिजे तो कागद सापडेना, एवढंच कारण. रक्त थांबेना तेव्हा वहिनीनंच पदर दाबून धरला होता. डॉक्टरला आईनं सांगितलं की कपाटाचं दार लागलं, आणि वहिनी तेव्हा गप्प राहिली. घरातलं घरात ठेवायला ती तयार होती. दुसऱ्याच्या मुलीचा प्रश्न आला तेव्हा तयार नव्हती. ती खरं बोलली — आणि मला तेच सहन झालं नाही. खोटं बोलली असती तर भांडून मोकळा झालो असतो.

त्या दिवसापासून मी तिच्याशी हो-नाही एवढंच बोलायचो. ती मात्र आधीसारखीच. माझा डबा भरायची, माझे शर्ट दोरीवरून काढून घडी घालून ठेवायची. तिनं माझ्याशी वाकडं वागावं असं मला फार वाटायचं. ती वागली नाही, याचाही मी राग धरला.

आता पुढे काय झालं असेल, ते तुम्ही ओळखलं असेल. तरी सांगतो, कारण ओळखणं सोपं असतं आणि मला तुम्हाला सोपं काही द्यायचं नाही.

बाकीच्या बायका गेटवर फोटो काढायच्या. तिथं रिसॉर्टच्या ऑफिसचं वायफाय पोचायचं, हजेरी पटकन लागायची. वहिनीचं काम मागच्या कॉटेजपासून सुरू व्हायचं, नदीच्या अंगाला, उतारावर. तिची हजेरी तिथूनच लागली पाहिजे असं ॲपमधे बसवलेलं. इतर दिवशी एका दांडीवर भागायचं. रविवारी सकाळी ती कॉटेजच्या दारात उभी राहून फोटो काढायची आणि चक्र फिरत राहायचं. किती वेळ बघत बसणार? फोन कमरेला खोचून ती कामाला लागायची. दुपारी पाहुणे निघाले, टॉवर मोकळा झाला, की तिचा फोटो मुंबईला पोचायचा. आणि मुंबईत दिसायचं काय? बायका सकाळी आल्या, मुकादमबाई दुपारी आली. दर रविवारी. मॅनेजर नवीन, रविवारी सकाळी तो पुढे नाश्त्याच्या गर्दीत अडकलेला. मागं कोण कधी आलं, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. हाताखालच्या बायकांनी सांगून पाहिलं. त्या तुमच्याच बायका, तुमच्याच बाजूनं बोलणार, असं वहिनीला म्हणून मॅनेजरनं त्यांना परत पाठवलं.

"मौसी, मशीन झूठ नहीं बोलता," असं तो तिला म्हणाला. हे तिनं आम्हाला जेवताना सांगितलं. हसून सांगितलं, कारण तिला वाटत होतं की गैरसमज आहे, निस्तरेल.

तिनं अर्ज वगैरे केला नाही. मॅनेजरला एवढंच सांगितलं की वरती विचारा, मशीनमधे काहीतरी आहे. आणि त्या माणसानं खरंच विचारलं. मुंबईच्या ऑफिसनं आमच्या कंपनीला विचारलं. कंपनीत ते आलं माझ्याकडे, कारण कळंबची रेंज माझी.

मेलला तिचा एक फोटो जोडलेला होता, नमुना म्हणून. वहिनी कॉटेजच्या दारात उभी. उजेड तिरका, केस ओले, नुकतीच वेणी घातलेली. दुपारी दोनला आलेल्या बाईचे केस असे असतात? पण केसांचं सोडा. फोनमधून निघालेल्या फोटोच्या पोटात तो कधी काढला ती वेळ असते. बघायची तर ती उघडून बघावी लागते, एरवी कोणाला दिसत नाही. मी उघडली. सकाळची होती. वहिनी खरं बोलत होती आणि ते माझ्या समोर, माझ्याच टेबलावर होतं.

कामाला किती लागलं असतं? दोन ओळी. फोटो सकाळी काढलेला आहे, पोचायला उशीर झाला, दोष ॲपचा आहे. एवढं लिहिलं असतं तर तिचं काम राहिलं असतं. मग माझ्या बनावट रविवारचं काय झालं असतं? विचारलं असतं की तपासताना हे दिसलं कसं नाही. मंदारनं रेकॉर्डिंग मागितलं असतं. चार बोलणी बसली असती. नोकरी गेली असती असंही नाही — आमच्याकडे इतक्यावरून काढत नाहीत. भीती होती, ती फक्त तोंडघशी पडण्याची होती. पण खरं सांगू? भीतीमुळे मी तसं लिहिलं असं म्हणालो तर तुम्ही थोडं समजून घ्याल. भित्र्या माणसाला लोक समजून घेतात. म्हणून सांगतो, भीती अर्धीच होती.

मी लिहिलं की हे ॲप कळंबच्या रविवारच्या नेटवर्कवर तपासलेलं आहे, दोष आढळलेला नाही, उशीर वापरणाऱ्याकडून होत आहे. पाठवलं. मग चहा प्यायला गेलो. चहा पिताना मला बरं वाटत होतं. तिनं माझ्याबद्दल एका हळदीत जे सांगितलं ते सगळ्या पंचक्रोशीत गेलं होतं. आता तिच्याबद्दलही काहीतरी जाणार होतं. तिचं खरं होतं आणि माझं खोटं, हा फरक मला तेव्हा कळत होता. कळून बरं वाटत होतं.

थांबा, अजून संपलं नाही. तुम्ही उठायच्या तयारीत असाल.

दोन दिवसांनी तिला मॅनेजरनं सांगितलं की कंपनीचं उत्तर आलंय, मशीनमधे काही नाही. संध्याकाळी मी घरी आलो तर ती ओट्यावर माझी वाट बघत बसलेली. माझ्या मागोमाग ती आत आली. आत दादा, आई. कितीतरी महिन्यांनी ती माझ्याकडे काही मागायला आली होती. तिला माझ्या कंपनीचं नाव नीट माहीत नव्हतं. मी फोनचं काहीतरी करतो एवढंच तिला ठाऊक. उत्तर लिहिणारा हात माझा होता, हे तिला कुठून कळणार?

"भावजी, तुमी यातलंच काम करता ना," तिनं फोन माझ्यापुढे धरला. "जरा बगा. मी तर दाबलेलं. फोटूबी काढलेला. ते नुसतं गोल फिरत ऱ्हायलं. तुमी त्यांना सांगा, तुमचं ऐकतील."

मी फोन घेतला. उगाच इकडंतिकडं बोटं फिरवली. सगळे माझ्याकडे बघत होते, डॉक्टरकडे बघावं तसे. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "वयनी, ॲपात खोट नाय. मी सोता बगितलं. तुमच्याच हातनं कायतरी चुकतंय."

माझं बोलणं एरवी असं नाही. घरातही मी बऱ्यापैकी शुद्ध बोलतो, त्यावरून दादा मला चिडवतो. त्या दिवशी मी तिच्या बोलीत बोललो, म्हणजे तिला नीट लागावं. ही गोष्ट मला त्या मेलपेक्षा जास्त आठवते.

ती भांडेल असं मला वाटलं होतं. मी तयारीत होतो, फोटो कसा काढायचा, बटण कुठलं, किती वेळ दाबायचं, असलं बरंच बोलायला. ती भांडली नाही. फोन परत घेतला, पडद्याकडे बघत राहिली.

"असंल," ती म्हणाली. "माजंच चुकलं असंल."

दादा वैतागला होता. त्याला ती मुकादमकी आधीपासून नको होती, रविवारी बायको घरात नसते म्हणून. "तुला झेपतंय का ते बगायचं आदी," एवढं बोलून तो बाहेर गेला. आई माझ्याकडे बघत होती. आईला काही कळलं होतं का? मी कधी विचारलं नाही. मी हातपाय धुतले आणि जेवायला बसलो. त्या रात्री मी रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली. वाढायला वहिनीच होती.

पुढच्या आठवड्यात तिनं किल्ल्या दिल्या. काढलं असं कोणी म्हणालं नाही, नका येऊ म्हणाले. गावात मात्र दोन्ही झालं — काढलं, आणि खोटी हजेरी सांगायची म्हणून काढलं. ज्या बाईनं माझ्याबद्दल खोटं सांगायला नकार दिला होता, तिला लोक खोटारडी म्हणाले. तिच्या तोंडावर नाही, पाठीमागं. एकदा कळंबच्या बाजारात माझ्यासमोर म्हणाले. मी भाजीवाल्याकडे वळून मेथी कशी दिली ते विचारलं.

वर्षानं दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडून हीच तक्रार आली, घाटातल्या एका गोदामातून. मंदारनं आम्हा सगळ्यांना बसवलं, काय करता येईल म्हणून. मी लगेच सांगितलं की फोटो फोनमधेच ठेवा, काढल्याची वेळ धरा आणि रेंज आली की पाठवा. सगळ्यांना पटलं. अर्ध्या दिवसाचं काम होतं. अर्धा दिवस. मंदार सगळ्यांसमोर म्हणाला की याला गावाकडची रेंज कळते. ते सुधारलेलं ॲप कळंबच्या रिसॉर्टलाही गेलं. आता तिथल्या बायकांची हजेरी रविवारीही सकाळीच लागते. मागच्या कॉटेजच्या किल्ल्या दुसऱ्या बाईकडे आहेत, ती कायम झाली.

तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी स्वतःशी म्हणालो, आता सांगून उपयोग काय, जागा तर भरली. किती समजूतदार वाटतं ना हे? पण जागा भरायच्या आधी तरी मी कुठं सांगितलं होतं? मग म्हणालो, लग्न ठरतंय, आत्ता घरात वाद नको. मग लग्न झालं, तर बायको नवीन आहे, तिच्यासमोर नको. आता बायको जुनी झाली. आता काय म्हणू? 'कळंब, रविवार' अजूनही ऑफिसात आहे. नवीन मुलं येतात, तेच लावतात, त्यांची ॲपं पास होतात. तेही मी काढलेलं नाही.

वहिनी आता खोपोलीत एका कारखान्याच्या कँटीनमधे चपात्या लाटते. पहाटे निघते. तिथं हजेरी तोंडी घेतात, म्हणून तिनं ते काम धरलं, असं ती उघड सांगते. दुसरीकडे कुठंतरी बोटाचं मशीन होतं, तिथं ती गेलीच नाही. पगार कमी आहे, उभं राहून पाय सुजतात. एवढंच असतं तर मी कदाचित हे लिहिलं नसतं. नोकऱ्या जातात माणसांच्या.

पण आधी वहिनी कशी होती, ते सांगायचं राहिलं. आमच्या आळीतल्या बायकांचे रिचार्ज तीच करून द्यायची. आईला व्हिडिओवर बोलायला तिनं शिकवलं. मला वेळ नव्हता म्हणून गॅसचं बुकिंग, लाईटचं बिल, सगळं तिच्या फोनवर. रिसॉर्टवर नवीन ॲप आलं तेव्हा हाताखालच्या बायकांना फोटो काढायला तिनंच शिकवलं होतं. ती सातवी शिकलेली आणि याचा तिला किती आनंद होता. आता तिची मुलगी पूर्वा तिला रिचार्ज करून देते. फोन वाजला तर वहिनी तो हातात घेऊन कोणीतरी यायची वाट बघते. हिरवं दाबायचं की लाल, याची तिला खात्री नसते. 'मी स्वतः बघितलंय' असं म्हणून मी सांगितलं होतं ना, चूक तिच्या हाताची आहे. तिनं ते माझ्यापेक्षा जास्त मनापासून ऐकलं.

तिची आई चौकला आजारी असते. शुक्रवारी संध्याकाळी, रेंज जायच्या आत, वहिनी फोन घेऊन माझ्याकडे येते. पूर्वा क्लासला असते तेव्हा. पदराला हात पुसते, फोन दोन्ही हातांत धरून पुढं करते, आणि म्हणते, "भावजी, तेवडा आयेला लावून द्या. माज्यानं चुकतं."

मी नंबर लावतो. पलीकडून हॅलो आलं की फोन तिच्या हातात देतो. ती मला मान हलवून जा म्हणते आणि फोन कानाला लावून आईला सांगते, "मी नाय गं लावला. भावजींनी दिला लावून. लय जपतात मला."